फळ्यावर प्रश्न, मुलांच्या हातात कार्ड आणि माझ्याकडे एक फोन

बी.एड.ला टेक्नॉलॉजी म्हटलं की आमच्या बॅचमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पीपीटीच येते. पाठ टाचणात शैक्षणिक साधनांच्या रकान्यात प्रोजेक्टर लिहिलं की झालं. पीपीटीशी माझं काही वैर नाही, म्हादई नदी कर्नाटकातल्या खानापूरच्या डोंगरातून निघून गोव्यात सत्तरी तालुक्यात कशी उतरते आणि पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्राला कशी मिळते हे गुगल अर्थवर दाखवलं तर खडूने ते तसं दाखवता येणार नाही हे मान्यच. पण इंटर्नशिपला सहावीच्या वर्गावर गणित घेताना मला एक गोष्ट मनापासून पटली, की मुलांना जास्त काहीतरी दाखवण्यापेक्षा मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसावं यासाठी टेक्नॉलॉजी जास्त कामाची आहे.

आपल्या गोव्यातल्या वर्गात तर हे फारच लागू पडतं. बरीचशी मुलं चौथीपर्यंत मराठी नाहीतर कोंकणी शाळेत शिकतात आणि पाचवीला हायस्कूलमध्ये आली की माध्यम एकदम इंग्रजी होतं. प्राथमिकला भराभर उत्तरं देणारी मुलगी इथे गप्प होते, तिला गणित येत नाही असं नाही, इंग्रजीत वाक्य जुळवून उभं राहून बोलायचं ह्याची धास्ती असते. मग समजलं का विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "येस टीचर" आणि हात वर करणारी तीच ती पुढच्या बाकावरची मुलं. बाकीच्यांना काय कळलंय हे टीचरला थेट युनिट टेस्टचे पेपर तपासताना कळतं, तोवर धडा कधीच संपलेला असतो.

मी वापरलं ते प्लिकर्स नावाचं अॅप. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, दर कार्डाची नक्षी वेगळी. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. आपलं उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू वर करून कार्ड धरायचं, टीचरने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कुणी काय उत्तर दिलं ते लगेच फोनवर येतं. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला वाचता येत नाहीत, त्यामुळे बघून उत्तर धरणं जवळजवळ बंद. फोनला नेट लागतं, मुलांना मात्र काहीच लागत नाही, ना टॅब ना पासवर्ड. २०२० मध्ये सांगे-सत्तरीतली मुलं ऑनलाइन क्लाससाठी नेटवर्क शोधत डोंगरावर चढत होती हे आपण सगळ्यांनी वाचलंय, म्हणून प्रत्येक मुलाकडे डिव्हाइस असेल असं धरून चालणारं साधन मला आपल्याकडे नकोच वाटतं. प्रश्न फळ्यावर खडूने लिहिला तरी चालतो, पावसात लाइट गेली तरी तास थांबत नाही.

प्रश्न अगदी साधा होता. ०.५ आणि ०.४५ यात मोठं कोण? ए ला ०.५, बी ला ०.४५, सी ला दोन्ही सारखे, डी ला सांगता येत नाही. फोन फिरवला तर जवळजवळ अर्धा वर्ग बी वर! पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, म्हणून ०.४५ मोठं, असा त्यांचा सरळ हिशोब. तो त्यांच्या परीने बरोबरच आहे, पूर्ण संख्यांना इतकी वर्षं हाच नियम तर लावलाय त्यांनी, दशांश चिन्हानंतर तो चालत नाही हे कुणी समोर आणून दिल्याशिवाय कसं कळणार.

मी उत्तर सांगितलं नाही. शेजाऱ्याशी बोला, त्याला पटवून द्या आणि मग परत कार्ड धरा, एवढंच म्हटलं. ही पद्धत माझी नाही, हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक मॅझूर १९९१ पासून कॉलेजच्या मुलांना असंच शिकवत आलेत, आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग आपसात चर्चा, मग परत उत्तर. वर्गात एकदम कलकलाट सुरू झाला, तोही कोंकणीत आणि मराठीत, आणि मी तो थांबवला नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, माझ्या तासाला तोवर तोंड न उघडलेली, शेजारणीला हाताने माप दाखवत सांगत होती, "अर्दो मीटर म्हळ्यार पन्नास सेंटीमीटर न्हय? मागीर पंचेचाळीस उणेच." (अर्धा मीटर म्हणजे पन्नास सेंटीमीटर ना? मग पंचेचाळीस कमीच.) तिची आई शिवणकाम करते हे मला नंतर कळलं. शेजारणीने क्षणभर विचार केला आणि हातातलं कार्ड फिरवून ए वर केलं. दुसऱ्यांदा फोन फिरवला तेव्हा बी वर थोडीच मुलं उरली होती आणि ती कोण ते मला नंबरासकट माहीत होतं, तासानंतर त्यांना मीटरची टेप घेऊन बसवलं.

हे मला पीपीटीने कळलं नसतं. ०.५ च्या स्लाइडवर कितीही रंगीत अॅनिमेशन घातलं असतं तरी अर्धा वर्ग "येस टीचर" म्हणून घरी गेला असता.

कुणाला करून बघायचं असेल तर, कार्डं जाड कागदावर छापा आणि चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा वाचत नाही. नक्षीवर बोट आलं तरी वाचत नाही, कडेला धरायला शिकवायला लागतं. अॅपमध्ये मुलांची नावं घालू नका, रोल नंबर पुरे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या मुलांची नावं कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

खरी मेहनत मात्र फोनमध्ये नाही, प्रश्नात आहे. चुकीचे पर्याय असे हवेत की मूल खरंच तसा विचार करत असेल, उगाच भरायचे म्हणून भरलेले नकोत. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे बी.एड.मधल्या छोट्या छोट्या पाठांच्या सरावात, आम्हाला प्रश्न विचारण्याचं कौशल्य आहे, पण चुकीचा पर्याय कसा शोधायचा हे त्यात येत नाही आणि ते यायला हवं असं मला फार वाटतं. सध्या अपूर्णांकांच्या बेरजेचे प्रश्न काढतेय. १/२ + १/३ ला २/५ हा पर्याय ठरला, वर वर बेरीज खाली खाली बेरीज करणारी मुलं त्यावर नक्की येणार. १/५ पण ठेवलाय, खालच्याच आकड्यांची बेरीज करणाऱ्यांसाठी. बरोबर उत्तर ५/६ धरून तीन झाले, चौथा अजून सुचत नाहीये, वर्गावर असणाऱ्या कुणी मुलांच्या वहीत वेगळं काही बघितलं असेल तर प्लीज सांगा.