तुम्ही विचारलंत म्हणून : स्वस्त सोलापुरात घर का होत नाही?

लग्नसराईत पुण्या-मुंबईचे पाहुणे भेटले की हा प्रश्न ठरलेला. "तुमच्या सोलापुरात घरं केवढी स्वस्त! मग माणसं वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत का काढतात?" मी वकिली करते. जागेचे जुने उतारे चाळून बँकांना सर्च रिपोर्ट देणं हे माझं रोजचं काम, म्हणून प्रश्न माझ्याकडेच येतो. पंगतीत बसून त्याचं उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथं लिहिते.

सोलापुरात जी जागा स्वस्त आहे तिच्यावर कर्ज मिळत नाही, आणि जिच्यावर कर्ज मिळतं ती इथल्या कमाईत बसत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक फायलींचं दुखणं हेच आहे.

आधी कमाईचं बघू. हे गाव गिरण्यांवर वाढलं. जुनी गिरणी 1877 ची, पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. गिरणीत लागलेल्या माणसाला हजेरी होती, पगाराची चिठ्ठी होती, फंड होता. गिरण्या बंद पडल्या आणि रोजगार यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि विडीच्या सुपात उरला. मागावरच्या कामगाराची मजुरी मालावर ठरते आणि हातात रोख पडते. त्याची बायको घरात बसून हजारी दरानं विड्या वळते. ही माणसं भाडं थकवत नाहीत, पोरांच्या फिया भरतात, भिशीचा हप्ता चुकवत नाहीत. पण गृहकर्जाचा अर्ज मागतो सॅलरी स्लिप नाही तर दोन-तीन वर्षांची इन्कम टॅक्सची रिटर्न. ती यांनी कुठून आणायची? वीस वर्षं वेळेवर भाडं भरलं, याची नोंद ठेवायला त्या अर्जात रकानाच नसतो. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

मग ही माणसं काय करतात? अर्धा गुंठा घेतात.

अशोक चौकाच्या मागं भाड्यानं राहणाऱ्या एक विडी कामगार अक्का माझ्याकडं आल्या होत्या. कॅरीबॅगेत गुंडाळलेले कागद त्यांनी एकेक करून टेबलावर मांडले. हद्दवाढीतल्या, म्हणजे महापालिकेत मागाहून आलेल्या भागातल्या अर्ध्या गुंठ्याचा व्यवहार, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फूट. स्टॅम्पपेपरवर नोटरी, खाली लाल गोल शिक्का. एका कागदावर हातानं काढलेला नकाशा. त्यात पेनानं आखलेले चौकोन, प्रत्येकात नंबर, मधोमध रस्ता म्हणून दोन रेघा आणि त्यांच्यामध्ये फुटांचा आकडाच नाही. आणि एजंटानं दिलेल्या हप्त्यांच्या चिठ्ठ्या, रबर लावून तारखेवार ठेवलेल्या. पतसंस्थेचे, पाटल्या गहाण ठेवून आलेले, भावाकडून आणलेले असे सगळे पैसे त्या चिठ्ठ्यांत होते.

"बँकवाला म्हणतो कागद नाही. मग हे काय हाय ओ?"

"अक्का, हा नोटरीचा कागद आहे. खरेदीखत नव्हे. रजिस्टर ऑफिसात याची नोंद नाही."

"शिक्का तर हाय की!"

शिक्का होता, तो एवढंच सांगत होता की सही करणारी माणसं नोटरीसमोर हजर होती. विकत घेतलेल्या जागेची मालकी खरेदीखत नोंदवल्याशिवाय बदलत नाही, असं कायदा सांगतो. अक्कांच्या जागेचा सातबारा अजून मूळ शेतकऱ्याच्या घरातल्या सगळ्यांच्या नावावर. त्यातले दोघं वारलेले, वारसांची नोंद झालेली नाही.

पाहुणे लगेच म्हणतात, मग नोंदवून का घेत नाहीत? कारण शेतीचे एवढे छोटे तुकडे पाडायला 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. आज जिरायत जमिनीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ही किमान मर्यादा आहे. बिनशेती करून, रस्ते-गटारी सोडून, लेआउट मंजूर करून प्लॉट पाडले तर नोंद होते, पण मग तो प्लॉट अक्कांच्या आवाक्यात राहत नाही. 1992 मध्ये महापालिकेची हद्द वाढली, भोवतालची गावं शहरात आली. त्या शेतांत मंजुरी नसलेली वस्ती अशीच गुंठ्या-गुंठ्यानं उभी राहिली. कायदा मोडायची हौस म्हणून कुणी तिथं गेलं नाही. कामगाराच्या पैशात बसणारी जागा तेवढीच होती.

सरकारनं वाट काढली नाही असंही नाही. अशा वस्त्या नियमित करायला 2001 चा गुंठेवारी कायदा आला. 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. तुकडेबंदीतही 2025 मध्ये शहरी निवासी भागातल्या जुन्या व्यवहारांना मोकळीक मिळाली. हे चांगलं झालं, मी मनापासून म्हणते. तरी फाइल हलायला मोजणीचा नकाशा लागतो, आणि नुसती नोटरी असेल तर आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागतो. त्यासाठी मूळ मालकाच्या वारसांच्या सह्या लागतात. वारस पुण्यात असतात, कर्नाटकात असतात, आणि जागेचा भाव वाढलेला बघून सहीचे वेगळे पैसे मागतात. म्हणजे गरिबानं जागेचं मोल आधी पुरं मोजायचं, मग तीच जागा आपली म्हणवून घ्यायला पुन्हा मोजायचं. त्यावर कर्ज नाही, म्हणून बांधकाम पत्र्याचं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसून दिवसभर विड्या वळून बघा. आमच्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांत निदान गारवा तरी असायचा.

आता दुसरी बाजू, ज्यांची स्लिप आहे त्यांची. खासगी शाळेतला शिक्षक, दवाखान्यातली नर्स, दुकानातला अकाउंटंट. जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला समजा 25 लाखांचा फ्लॅट बघितला. बँक 80 टक्के देते असं धरू, म्हणजे 20 लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे 17,360 रुपये. फेडून होईपर्यंत साडेएकेचाळीस लाखांच्या वर जातात. इथल्या खासगी नोकरीत हप्ता वजा जाता उरेल ते किराण्याला पुरत नाही. शिवाय हातातले पाच लाख, मुद्रांक शुल्क 6 टक्के म्हणजे दीड लाख, नोंदणीचे 25 हजार, बांधकाम चालू असेल तर 1 टक्का जीएसटीचे आणखी 25 हजार. चावी हातात येण्याआधी सात लाख रोख हवेत, आणि फ्लॅटची जाहिरात हा आकडा कधीच सांगत नाही.

पाण्याचंही सांगायला हवं. उजनी धरण आमचं, पण नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये दिवसांचं अंतर पडतं. म्हणून प्रत्येक घराला हौद, मोटर, वर टाकी आलीच. अपार्टमेंटमध्ये बोअर आटला की टँकर. घर बघायला आलेला सोलापूरकर दराच्या आधी पाणी विचारतो, त्याचं कारण हे.

मग काहीच होऊ शकत नाही का? होतं, आणि ते याच गावानं करून दाखवलंय. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत बघून या. विडी कामगार बायांची दहा हजार घरं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी कामगारांना एकत्र बांधलं, सहकारी संस्था काढली, केंद्र आणि राज्याकडून अनुदान खेचून आणलं. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते वसाहतीचं लोकार्पण झालं. त्याच कुंभारीत पुढं रे नगर उभं राहिलं. असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची योजना, प्रधानमंत्री आवास योजनेतून. घरामागं केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेलं कामगाराचं. 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पहिल्या 15 हजार घरांचं लोकार्पण केलं. घरं लहान आहेत, शहरापासून लांब आहेत, कामावर जायला रिक्षाचा खर्च आहे. या तक्रारी खऱ्या आहेत. पण एकेकट्या बाईला बँकेनं दारात उभं केलं नव्हतं, आणि हजारो बाया एक होऊन गेल्यावर जमीन मिळाली, अनुदान मिळालं, निर्वेध कागद मिळाला. कामगाराला घर परवडतच नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो यासाठी.

हद्दवाढीतल्या जागांचंही असंच सामुदायिक काम व्हायला हवं. जमिनीच्या एका गट नंबरातल्या दोनशे घरांनी दोनशे वेळा मोजणीचे पैसे का भरायचे? सगळ्या गटाची एकदम मोजणी करा, वारसांना एकाच दिवशी वस्तीत बोलवा, दस्त नोंदवून घ्यायला शिबिर लावा. आणि बँकांनी, पतसंस्थांनी भाड्याच्या पावत्या, वीजबिल, भिशीची वही बघून कर्ज द्यायला शिकावं.

तोवर माझ्याकडं येणाऱ्याला मी इसार द्यायच्या आधी चालू सातबारा, फेरफार आणि मंजूर लेआउट आणायला सांगते. फ्लॅट असेल तर महारेरा नंबर, म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पाची सरकारी नोंदणी, आणि वापर परवाना. आणखी एक, घर बाईच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, आवास योजनेत तर घरातल्या बाईचं नाव लागतंच. अक्कांच्या नोटरीवर फक्त नवऱ्याचं नाव होतं. हप्त्यांच्या चिठ्ठ्यांवरही त्याचंच, आणि पैसे निम्म्याहून जास्त त्यांच्या विड्यांचे. वारसांच्या सह्या जमल्या की खरेदीखताचा मसुदा मी दोघांच्या नावानं करणार आहे. नवऱ्याला बोलावून सांगितलंय. तो हो म्हणालाय.