तुम्ही विचारलंत म्हणून: वाड्यात बाजीराव एवढा थोडका का?

"ताई, वाडा पेशव्यांचा आणि तुम्ही सांगता पाठशाळा, आग, नगरपालिका. बाजीराव कुठे आहे?" विश्रामबागवाड्याची विशेष फेरी संपली की हा प्रश्न येतोच. व्याख्यानानंतर चिठ्ठीवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो. जिन्यावर उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते कुणालाही पटत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

दुसरा बाजीराव या वाड्यात राहिला जेमतेम अकरा वर्षं. १८०७ च्या सुमारास वाडा उभा राहिला, १८१८ मध्ये राज्य गेलं आणि तो बिठूरला गेला. वाडा इथेच राहिला आणि पुण्याच्या उपयोगी पडत गेला. १८२१ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यासाठी असलेल्या पैशातून, इथे संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. १८७९ च्या मे महिन्यात आग लागली, त्याच रात्री बुधवारवाडाही जळाला. इंग्रजांविरुद्ध वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड चालू होतं, संशय तिकडे गेला. महादेव गोविंद रानड्यांवरही सरकारची वक्रदृष्टी वळली आणि त्यांची धुळ्याला बदली झाली. प्रत्यक्षात आग लावणारा निघाला एक सरकारी कारकून. वाड्याचा जळालेला पुढचा भाग पुणेकरांनी वर्गणी काढून परत उभा केला. रस्त्यावरून तुम्ही ज्याचे फोटो काढता, त्यात त्या वर्गणीचा पैसा आहे. हे सांगायचं नाही?

नंतर नगरपालिका आली. माझे आजोबा याच वाड्यात पाणीपट्टीच्या खात्यात कारकून होते. फेरीत मी हे कधी सांगत नाही, पण माझा कल कुठून आला हे तुम्हाला कळायला हवं.

आता तो प्रसंग. ज्येष्ठांच्या एका मंडळासाठी खास फेरी ठेवली होती. वरच्या दिवाणखान्यात, सुरूच्या आकाराच्या सागवानी खांबांमध्ये, सगळे सतरंजीवर बसले होते. सांगलीहून आलेले एक काका नातवाला घेऊन पहिल्या रांगेत होते. पाठशाळेत सुरुवातीला फक्त ब्राह्मण मुलांना प्रवेश होता, हे मी सांगितलं आणि काका उठले.

"तासभर ऐकतोय. एकदाही श्रीमंत म्हणाला नाहीत. आता जातीवर आलात. मी या मुलाला पेशव्यांचा राजवाडा दाखवायला एवढ्या लांबून आणलंय."

मी म्हणाले, "काका, वसईच्या तहानंतर कंपनीची सहा हजार फौज पोसायला स्वतःचा मुलूख तोडून देऊन या माणसानं हा वाडा बांधला. दोन लाख रुपये खर्च करून. तेही मुलाला कळू द्या की."

कुणी काही बोललं नाही. काकांनी नातवाचा हात धरला आणि ते जिना उतरले. त्यांच्यामागून आणखी काही जण उठले. मुलगा मान वळवून विचारत होता, "आजोबा, ते खांबांवर केळफूल का कोरलंय?" त्याला ना आजोबांनी उत्तर दिलं, ना मी. पुढच्या वर्षी आम्ही दुसरे वक्ते बोलावतोय, असं मंडळानं फोनवर कळवलं.

माझं वाक्य खरं होतं आणि ते मी परत घेणार नाही. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा, वाडा त्यानंतरचा. तारखा कुणाच्या भावनांप्रमाणे सरकत नाहीत, हे मी फेऱ्या सुरू केल्या तेव्हाही म्हणत होते. तेव्हाच्या मला तर निम्मी माणसं उठून गेली याचा अभिमानही वाटला असता. कागद आपल्या बाजूला आहे ना, मग झालं.

पण तो जिना मला सुटत नाही. वाड्यावरच्या मायेपोटीच ते काका गुडघे दुखत असताना वर चढले होते. माया नसेल तर हा जिना चढणार कोण, आणि आग लावणाऱ्या त्या कारकुनाची गोष्ट ऐकणार कोण? यावर तेव्हाची मी म्हणते, तू मऊ पडलीस, उद्या टाळ्यांसाठी आगही गाळशील. तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

सध्या एवढंच केलंय की दिवाणखान्यात बाजीरावाला जास्त वेळ देते. राघोबादादांचा हा मुलगा विशीपर्यंत नाना फडणविसांच्या कैदेत वाढला. ज्या शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि ठपका त्याच्या वडिलांवर आला, तिथे न रमता त्यानं राहायला हे घर बांधलं. हे सांगताना मलाही त्याच्याविषयी काही वाटतं, ते मी लपवत नाही. 'श्रीमंत' मात्र अजून तोंडातून निघत नाही. पाठशाळा, आग आणि वर्गणी यातलं एक वाक्यही कमी केलेलं नाही, त्यामुळे फेरी लांबते आणि मागच्या रांगेतली माणसं घड्याळ बघतात. त्यांनाही मी अडवत नाही.