बारा-चारची वॉच

बोटीवर रात्री बारा ते चारची वॉच, म्हणजे बोट चालवत जागं राहण्याची पाळी, सेकंड ऑफिसरची. पाळीवरच्या अधिकाऱ्याला झोप कशी घेरते हे तपासायला मुंबईतल्या आमच्या सिम्युलेटरवर आम्ही ती हुबेहूब उभी करतो. काचेपलीकडे काळोख, दूरवर प्रॉंग्जच्या दीपगृहाचा झोत, मध्येच मिणमिणता दिवा लावलेली कोळ्यांची होडी. अधिकाऱ्याच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी, छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा आणि डोळ्यांवर रोखलेला कॅमेरा. टोपी बसवणं फार वेळखाऊ, एकेका इलेक्ट्रोडखाली जेल भरत बसावं लागतं.

त्या रात्री अलिबागकडचा एक तरुण होता. साडेतीनच्या सुमारास विचारलं, झोप किती येतेय? उत्तर १ ते ९ मध्ये द्यायचं. १ म्हणजे टक्क जागा, ९ म्हणजे डोळे उघडे ठेवणंही जड.

"तीन. एकदम ओके आहे मॅडम."

माझ्यासमोरच्या पडद्यावर मात्र मेंदूच्या ४ ते ८ हर्ट्झच्या संथ लाटा, म्हणजे झोपेची चाहूल, वाढत चालल्या होत्या. थोड्याच वेळात त्याच्या पापण्या हळूहळू मिटल्या आणि सहा सेकंद उघडल्याच नाहीत. १५ नॉट वेगाची बोट तेवढ्यात सुमारे ४६ मीटर पुढे जाते. माणूस उभाच होता! ब्रिजवरचा, म्हणजे बोट चालवण्याच्या खोलीतला, अधिकारी जागा आहे की नाही हे बघायला एक अलार्म असतो. तो वाजायच्या आधी दिवा लुकलुकतो. दिवा लागला, याचा हात सवयीने बटणावर गेला, आणि लाटा तशाच संथ राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला. अलार्मच्या लेखी हा माणूस जागा होता.

वॉच संपल्यावर त्याला रेकॉर्डिंग दाखवलं. त्याने ते पुन्हा मागे न्यायला लावलं.

"नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्याला ७७," तो म्हणाला. "बंदरात कार्गो चालू असताना कुठले दहा तास? रजिस्टरमध्ये मात्र बरोबर दहा भरायचे." मग आवाज खाली आणून, "हे कंपनीला नाही ना जाणार?"

नाही जाणार. आमच्याकडे नाव नसतं, फक्त क्रमांक असतो, आणि हे आधीच लेखी दिलेलं असतं. या आलेखांवरून वॉचचं वेळापत्रक बदलावं, बोटीवर माणसं वाढवावीत. कुणाची नोकरी त्यावरून जाता कामा नये, यावर मी ठाम आहे. हवं तर रेकॉर्ड पुसून टाकते, असंही त्याला सांगितलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "पण ते रजिस्टरचंही लिहून घ्या."