नाटक काहून नाही बसवत?

भेटता ना सगळे पुन्हा, मग नाटक काहून नाही बसवत? आमची जुनी नाटकाची मंडळी पुन्हा जमते, म्हणून लग्नात, बँकेत, नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरताना हेच ऐकते. वर पुस्ती: 2017 पासून रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, तुमच्या वेळी होतं का एवढं मोठं? नव्हतं. झाशी राणी चौकातलं जुनं धनवटे रंगमंदिर होतं आणि आम्हाला ते पुरत होतं. तेही पाडलं. अडचण हॉलची नाही.

वयाचीही नाही, असं मी परवापरवापर्यंत ठासून सांगायची.

पावसाळ्यात प्रतापनगरला एका मैत्रिणीकडे वाचन ठेवलं. राज्य नाट्य स्पर्धेत केलेलंच नाटक. आम्हाला नाटक शिकवणाऱ्या दादांनी संहिता हातात घेतलीच नाही. "पाठ आहे मला." आणि होतंही. पहिला अंक असा म्हणाले की आमच्या अंगावर काटा आला. दुसऱ्यात बापाचा मोठा संवाद आहे, त्यात ते थांबले. मी जन्मभर विंगेत प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे अडलेल्या नटाला पुढचं वाक्य हळूच द्यायचं. पॉज कुठला आणि नट ब्लँक झाला कुठे, हे मला पाठमोऱ्या मानेवरूनही कळतं. पॉजमध्ये नजर जागची हलत नाही. दादांची नजर खिडकीकडे गेली, पंख्याकडे गेली, मग माझ्याकडे आली. मी हळूच वाक्य दिलं.

"पॉज होता तो," दादा म्हणाले. "माझा पॉज खाल्लास तू."

सगळे आपापल्या पानांत बघत राहिले. वाचन तिथंच संपलं. रात्री दादांचाच फोन आला: "पुढचं वाचन कधी?" त्या वाक्याबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही.

तो पॉज नव्हता. हे मी आजही म्हणते. विंगेतल्या माणसानं तेव्हा गप्प राहायचं नसतं.

पंचविशीत मी म्हणायची, ज्याला वाक्यं राहत नाहीत त्यानं स्टेजवरून उतरावं. त्या मुलीशी मी रोज भांडते. ती विचारते, तिकीट काढून आलेल्या माणसानं दादांचं अडखळणं का बघावं? मी विचारते, मग दादांनी दिवसभर घरात बसून काय करावं? आम्हाला उभं राहायला, बोलायला त्यांनीच शिकवलं. तिच्याकडे उत्तर नाही आणि तिचा प्रश्न मलाही खोडता येत नाही.

आम्ही भेटतो, वाचतो. दादा अजूनही संहिता घेत नाहीत. ते थांबले की मी बोलायचं की नाही, यावर आमच्यातच दोन तट आहेत. ते मिटेपर्यंत तारीख विचारू नका.