सहा ठिपक्यांचा भुंगेरा

मृगाच्या सरी पडून गेल्यावर दिवस मावळताना वावराच्या धुऱ्यावरून चालले, की पालापाचोळ्यातून एखादा काळाभोर, दीडेक इंच लांबीचा भुंगेरा तुरुतुरु पळताना दिसतो. त्याच्या मानेलगतच्या भागावर दोन आणि पाठीच्या टणक आवरणावर चार असे सहा पांढुरके ठिपके असतात. पाठीवरचे हे आवरण मधोमध सांधले गेल्यामुळे त्याला उडता येत नाही, आणि म्हणूनच बहुधा पायांत एवढा वेग असतो.

आमच्या पऱ्हाटीच्या मुलखात किड्यांचे वर्गीकरण सरळ आहे : पिकाला लागणारे आणि न लागणारे. हा दुसऱ्या वर्गातला, शिवाय इतर किडे खाऊन जगणारा. तरीही निंदणाला आलेल्या बाया पोरांना बजावतात, "त्याले हात नोको लावू, डोयात मारते." हे खरेच आहे, कारण डिवचल्यास तो पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथींतून फॉर्मिक आम्लाची चिळकांडी उडवतो.

शास्त्राच्या वहीत त्याची नोंद १७७५ साली झाली. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य असलेल्या फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याला कॅराबस या प्रजातीत घातले. पुढे १८०१ मध्ये अँथिया ही प्रजाती निघाली आणि तो अँथिया सेक्सगुट्टाटा झाला. गुरूने कीटकांचे गण पंखांवरून पाडले होते, शिष्याने मुखांगांवरून. या भुंगेऱ्याचे कात्रीसारखे जबडे पाहिले, की मला शिष्याचीच बाजू पटते.

नातेगोते ठरवायचे तर मात्र मेलेला भुंगेरा उताणा करावा लागतो. मागच्या पायांचे खुबे शरीराशी पक्के जडलेले असतात आणि ते पोटाच्या पहिल्या वळीला मधोमध दुभंगतात. ही खूण तळ्यातल्या पाणभुंगेऱ्यांतही आढळते. शेजारच्या पोवट्याखाली राबणाऱ्या, तितक्याच काळ्या शेणकिड्यात ती नसते. म्हणजे धुऱ्यावरच्या या शिकाऱ्याचे जवळचे भाऊबंद पाण्यात आहेत, शेणात नाहीत. कॅराबिडी कुळातल्या सुमारे चाळीस हजार जातींत त्याचे घर कोणते, यावर अजून एकमत नाही : काही अभ्यासक अँथिइनी हे स्वतंत्र उपकुळ मानतात, तर काही त्याला हार्पालिनी या मोठ्या उपकुळातला एक गट समजतात.