रद्दीत जायला छापलेले अंक

शनिवार, रात्री

आज कॉमिक मार्टला जाऊन आले, हात दोनदा धुतले तरी बोटांना जुन्या न्यूजप्रिंटचा वास येतोच आहे आणि मला तो जाम आवडतो. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहायचा एक फायदा हा की आजूबाजूच्या गावांत कुठल्या तरी हॉलमध्ये असे मार्ट भरतात, लांबच्या लांब टेबलं, त्यावर खोकी, खोक्यांत उभे लावलेले अंक, आणि वाकून वाकून चाळणारी माणसं. बहुतेक सगळे साठीच्या आसपासचे पुरुष, त्यात मी एक पुण्याची बाई. पण कोणी वेगळं वागवत नाही. "काय शोधताय, मी डक?" असं इथल्या पद्धतीने (‘मी डक’ हे इथलं लाडाचं संबोधन) विचारतात आणि तुम्ही अंकाचा नंबर सांगितला की झालं, तुम्ही त्यांच्यातले.

मी शोधत होते ‘२००० एडी’चे १९८५चे अंक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे ब्रिटनचं सायन्स फिक्शन साप्ताहिक कॉमिक, पहिल्या अंकावर तारीख २६ फेब्रुवारी १९७७, किंमत ८ पेन्स, सोबत फुकट स्पेस स्पिनर म्हणजे फेकायची प्लास्टिकची चकती. अंकाला ‘प्रॉग’ म्हणायचं. संपादक थार्ग नावाचा हिरवा परग्रहवासी, बीटलज्यूसच्या बाजूचा, आणि वाचक त्याला तसंच मानून पत्रं लिहितात, आजसुद्धा! त्यातला सगळ्यात गाजलेला नायक जज ड्रेड आला तो दुसऱ्या अंकात. त्याची कल्पना जॉन वॅग्नरची, त्याचं रूप ठरवलं कार्लोस एझक्वेराने, पण छापून आलेली पहिली गोष्ट काढली माइक मॅकमहॉनने.

गंमत म्हणजे हे कॉमिक टिकेल असं काढणाऱ्या कंपनीलाच वाटत नव्हतं. आयपीसी, म्हणजे याच कंपनीतल्या, केल्विन गॉसनेलने पेपरात वाचलं की आता सायन्स फिक्शनचे मोठे सिनेमे येणार आहेत, त्यावरून त्याने वर सुचवलं, पॅट मिल्सने ते उभं केलं, आणि नावात २००० टाकलं कारण तेव्हा ते साल इतकं लांब वाटायचं की तोवर हे चालू असेल असा विचारच कुणी केला नाही. तेव्हाच्या ब्रिटिश कॉमिक्सचा हिशोबच तसा होता, नवीन काढा, खप उतरला की दुसऱ्या कॉमिकमध्ये मिसळून टाका, आणि पोरांना मुखपृष्ठावरच सांगा की आत मोठ्ठी खुशखबर आहे. खुशखबर म्हणजे तुमचं आवडतं कॉमिक आजपासून बंद. ‘स्टारलॉर्ड’ १९७८ला निघालं आणि २२ अंकांत ‘२००० एडी’मध्ये विरघळलं, पण त्यातून ‘स्ट्रॉन्शियम डॉग’ ही चित्रकथा आली म्हणून आम्ही सगळे त्या २२ अंकांचे ऋणी आहोत.

आणि म्हणूनच मला हे जुने अंक बघितले की भरून येतं. हे ठेवायला छापलेच नव्हते. स्वस्तातला स्वस्त कागद, आठवडाभर वाचायचा, शाळेच्या दप्तरात चुरगळायचा आणि फेकून द्यायचा. आज जे काही शिल्लक आहे ते कुठल्या तरी पोराने किंवा पोरीने आईला "नाही, हे टाकायचं नाही" असं ठणकावून सांगितलं म्हणून शिल्लक आहे.

आज मिळालेल्या एका प्रॉगच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने आडनाव आणि घराचा नंबर लिहिलाय. इथे पेपरचं दुकान चालवणारे तसं लिहून ठेवायचे, पेपर टाकणाऱ्या पोराला कुठला अंक कुठल्या दारात टाकायचा ते कळावं म्हणून. विकणारा म्हणाला, यामुळे किंमत कमी होते, खोडून देऊ का. मी म्हटलं हात लावू नका! कोरा करकरीत अंक गोदामात पडून राहिलेला असू शकतो, पण हा अंक एका घरात गेला, कुणीतरी तो दारातून उचलला, याचा पुरावाच आहे तो. ज्यांना गुळगुळीत प्रती हव्यात त्यांनी त्या घ्याव्यात, मला पेन्सिलवाल्या द्या, कुपन कापलेल्यासुद्धा चालतील. तेवढं पानाच्या मागच्या बाजूची गोष्ट कापली जायला नको.

रविवार

सकाळपासून अंक पिशव्यांत भरतेय. पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नका, प्लीज, पॉलिस्टरच्या घ्या, मागे अॅसिड नसलेला पुठ्ठा, आणि माळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात तिथे तापतं, हिवाळ्यात ओल येते, कागद तांबूस होऊन कडेने तुटायला लागतो आणि स्टेपलच्या पिना गंजून मधल्या पानाला भोक पाडतात. तेच मधलं पान बहुतेक वेळा रंगीत असतं, म्हणून जास्त जीव जळतो.

मामाकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्स होती, वेताळ, मँड्रेक, बहादूर, त्याने गल्लीतल्या बाइंडरकडून जाडजूड बांधून घेतली होती आणि सुट्टीत आम्हा भाचरांना ती हात पुसूनच मिळायची. आपल्याकडे रद्दीवाला दारात यायचा, त्याच्या तराजूतून जे वाचलं ते वाचलं. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या कलेक्टर लोकांशी माझं जमतं ते सायन्स फिक्शनपेक्षा यावर जास्त जमतं असं मला वाटतं.

काल तिथे एकाने मला विचारलं की आता सगळ्याचे देखणे संग्रह निघालेत, मग जुने कशाला घेता. प्रश्न बरोबर आहे आणि मी संग्रहही घेतेच. रिबेलियन या कंपनीने २००० साली ‘२००० एडी’ विकत घेतलं, मग २०१६ आणि २०१८मध्ये फ्लीटवे या जुन्या कॉमिक्स प्रकाशकाचा बहुतेक सगळा ठेवा घेतला, आणि कित्येक विसरलेल्या गोष्टी परत छापल्या, हे फार मोठं काम आहे. पण बघा, १९७८च्या ‘द कर्स्ड अर्थ’ या जज ड्रेडच्या गोष्टीमध्ये बर्गर कंपन्यांची आणि जाहिरातीतल्या पात्रांची टिंगल करणारे जे भाग होते ते कायद्याच्या भीतीने संग्रहांतून गाळले गेले, विडंबनाचा कायदा इथे २०१४ला बदलला, आणि २०१६ला कुठे ते परत छापले गेले. मधल्या सगळ्या वर्षांत ते भाग वाचायचे तर मूळ प्रॉगच लागायचे. कुणाच्या तरी पलंगाखालच्या खोक्यात होते म्हणून लोकांना वाचायला मिळाले. ‘अॅक्शन’चं तर त्याहून वाईट, ते १९७६चं पॅट मिल्सचंच आधीचं कॉमिक, हिंसा फार आहे म्हणून पेपरांनी आरडाओरडा केला आणि २३ ऑक्टोबरचा छापून तयार असलेला अंक लगदा करायला पाठवला. त्यातल्या मोजक्या प्रती वाचल्या, आणि त्या कुठे कुणाकडे आहेत यावर चहाच्या टेबलाशी अजून तासन्‌तास बोलणं चालतं.

चित्रकारांचं नाव छापायलासुद्धा या कंपन्या तयार नसायच्या. ‘२००० एडी’त चौकटी टाकून लेखक, चित्रकार, अक्षरं काढणारा यांची नावं यायला लागली ती केव्हिन ओ'नीलमुळे. आधी मुलं रेषेवरून ओळखायची की हा बोलंड, हा मॅकमहॉन, हा एझक्वेरा, जाड तुटक काठ दिसला की एझक्वेरा. नाव माहीत नसताना त्यांनी हात ओळखला होता, हे मला फार मोठं वाटतं.

बुधवार

आज नवीन प्रॉग दुकानात आला, तो बाजूला ठेवलाय, कारण आधी हॅलो जोन्स वाचून संपवायचीय.

‘द बॅलड ऑफ हॅलो जोन्स’, अॅलन मूर लेखक, इयन गिब्सन चित्रकार, पहिला भाग १९८४ला प्रॉग ३७६पासून. मारामारी करणाऱ्या पुरुषांनी भरलेल्या साप्ताहिकात एक साधी मुलगी नायिका, ना बंदूक, ना शक्ती, न्यूयॉर्कजवळ समुद्रात तरंगणाऱ्या बेकार लोकांच्या वस्तीत राहणारी, आणि पहिल्या भागात मुख्य संकट काय तर खरेदीला जाऊन जिवंत घरी परत येणं. काही वाचक तेव्हा वैतागले होते म्हणे, अॅक्शन कुठेय म्हणून. मला मात्र वाटतं की बाजारातून सुखरूप घरी यायचं हेच कित्येक बायकांचं रोजचं साहस असतं आणि ते त्या साप्ताहिकात चार-पाच पानांच्या हप्त्यांत आलं, ही धाडसाची गोष्ट होती.

दुसऱ्या भागात ग्लिफ आहे. इतक्या वेळा शरीर बदलून घेतलं की आता ते कुणालाच लक्षात राहत नाही, समोर उभं असलं तरी लोकांना दिसत नाही, आणि हॅलो आणि तिची मैत्रीण टॉय एका केबिनमध्ये त्याच्यासोबत राहतात पण त्यांनाही पत्ता नसतो. पुढे ते जे करतं ते मी सांगत नाही, वाचा. मी आज परत वाचलं आणि परत रडले. तिसऱ्या भागात मोआब नावाचा ग्रह आहे, तिथलं गुरुत्वाकर्षण एवढं प्रचंड की काळच वेगळा चालतो, तुमची काही मिनिटांची लढाई होते आणि बाहेर महिने उलटलेले असतात. सैनिक परत येतात तेव्हा त्यांना युद्ध कुठवर आलंय तेच कळत नाही. गिब्सनने ती माणसं त्या वजनाखाली अशी काढलीयेत की पान धरताना आपले खांदे दुखतात.

आणि मग गोष्ट थांबते, १९८६ला. पुढचे भाग मनात होते, पण हक्कांवरून मूरचं प्रकाशकांशी फाटलं, पुढे झालंच नाही. गिब्सन २०२३च्या डिसेंबरमध्ये गेले. दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घ्यावी का यावर फॅन लोकांत दोन तट आहेत, शनिवारीही वाद झालाच. एक जण म्हणाले की ‘स्ट्रॉन्शियम डॉग’चा नायक जॉनी अल्फा याला मारला तेव्हा एझक्वेराने ती गोष्ट काढायला चक्क नकार दिला होता, दुसऱ्यांनी काढली, १९९०ला तो मेला, आणि बऱ्याच वर्षांनी वॅग्नर-एझक्वेरांनीच त्याला परत आणला, मग हॅलो का नाही? मी त्यांना म्हटलं, काका (मनातल्या मनात, तोंडावर नावाने), त्याला परत आणणारे हात तेच होते. इथे एक हात गेलाय. ज्यांना हक्क मिळाला नाही त्यांची गोष्ट दुसऱ्याने पुरी करू नये, असं माझं ठाम मत आहे. ते हसले नाहीत, विचार करत राहिले, मग त्यांच्याकडची दुबार प्रॉगची यादी दाखवली.

तर सध्या मला दुसऱ्या भागातले ४०५ ते ४१५ यांपैकी ४०९ आणि ४१२ हवेत, ते त्यांच्याकडे आहेत, पुढच्या मार्टला आणणार आहेत. बदल्यात त्यांना माझ्याकडचे ‘स्टारलॉर्ड’चे दुबार द्यायचेत. आणि पुण्या-मुंबईत जुन्या पुस्तकांच्या ढिगात कुणाला असं काही ब्रिटिश साप्ताहिक दिसलं, फाटकं असलं तरी, तर उचलून ठेवा आणि मला कळवा, पोस्टाचा खर्च मी देईन.