आईच्या नावाची ठेव: शाळेला चेक देण्याआधी

जुन्या शाळेच्या बक्षीस समारंभात एक घोषणा हमखास कानावर येते: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, संस्कृतमध्ये प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास रुपये एक्कावन्न.’ मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसतं. ठेव ठेवली तेव्हा एक्कावन्न रुपयांना वजन होतं. पुढे मुद्दल कुणी वाढवलं नाही आणि पुस्तकांच्या किमती काही थांबल्या नाहीत.

म्हणून आईच्या स्मरणार्थ शाळेत ठेव ठेवायची तर आधी खर्च ठरवा, ठेवीचा आकडा नंतर. आई हयातीत कशी देत होती ते आठवा. कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीची वह्या-पुस्तकं ती गुपचूप आणून देत असेल, तर पहिल्या नंबराचं बक्षीस तिच्या नावाला शोभत नाही. गरजू मुलीची मदतच शोभते. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. मुलींना एसटीचा पासही बारावीपर्यंत फुकट आहे. खरी ओढाताण नववीपासून सुरू होते: पुस्तकं, बोर्डाची परीक्षा फी, बूट, दप्तर.

आता हिशोब. दोन मुलींना प्रत्येकी ६,००० म्हणजे वर्षाला १२,०००. सात टक्क्यांनी २ लाखांवर १४,००० सुटतात. व्याजदर सहावर आला की बरोबर १२,०००. म्हणजे आज जे शिल्लक दिसतं ते दर उतरल्यावर उरत नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर साधारण बारा वर्षांत तोच खर्च दुप्पट होतो. ‘मग उरलेलं व्याज मुद्दलात टाकत जा’ असं संस्थेला सांगावंसं वाटेल, पण करमाफी हवी तर धर्मादाय संस्थेला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग सर्वसाधारणपणे खर्चावा लागतो. ठेवीचं व्याजही उत्पन्नातच धरलं जातं, म्हणून मुद्दलात फारशी भर पडत नाही. त्यापेक्षा वर्षश्राद्धाला भावंडांनी मिळून पाच-दहा हजारांची भर घालणं सोपं. जेवणावळीचा एक पदार्थ कमी केला तरी जमतं.

मुद्दल मुद्दलच राहावं यासाठी सगळं काही पत्रावर अवलंबून असतं. चेकबरोबर लेखी सूचना नसेल तर रक्कम साधी देणगी म्हणून जमा होते आणि त्याच वर्षी छपराच्या पत्र्यांवर खर्चही होते. यात कुणाची लबाडी नसते, नियमच तसा आहे. पत्र असं असावं:

‘सोबतचे रु. २,००,००० कै. आईच्या स्मरणार्थ कायम निधी म्हणून वेगळे गुंतवावेत. मुद्दल खर्च करू नये. व्याजातून दरवर्षी नववी-दहावीतील दोन गरजू विद्यार्थिनींना पुस्तकं व परीक्षा फी द्यावी. तशा विद्यार्थिनी न मिळाल्यास त्या वर्षीचं व्याज विश्वस्तांनी शाळेतील अन्य गरजू विद्यार्थ्यांसाठी वापरावं.’

शेवटचं वाक्य वगळू नका. ‘आमच्याच गावची, आमच्याच आळीतली’ अशा अटी घातल्या की काही वर्षांनी मुलगीच सापडत नाही आणि व्याज पडून राहतं. विश्वस्तांच्या सहीची पोच घ्या. तोंडी ‘हो हो, करू’ पुढच्या कार्यकारिणीवर बंधनकारक नसतं.

चेक शाळेच्या नावे नको, शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे द्या. धर्मादाय आयुक्तांकडचा तिचा नोंदणी क्रमांक मागा. सोसायटी म्हणूनही नोंदलेल्या संस्थांचा बहुधा ‘एफ’ने सुरू होतो. देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता (८०-जी नावाने ओळखली जाणारी) चालू आहे का तेही पाहा, तिला मुदत असते.

पावतीत सर्रास होणारी चूक म्हणजे ती ‘कै. आई’च्या नावानेच फाडली जाते. करसवलत ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याला मिळते, म्हणून नाव आणि पॅन त्याचेच हवेत आणि ‘स्मरणार्थ’ हा उल्लेख शेऱ्यात. सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप मदत तिच्यात बसत नाही.

आईच्या पश्चात तिच्या एटीएम कार्डाने पैसे काढून देणगी देण्याच्या फंदात पडू नका. ते पैसे सगळ्या वारसांचे. आई अजून हयात असेल तर आताच तिला विचारा आणि मृत्युपत्रात संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, रक्कम आणि ‘संस्था बंद पडल्यास त्याच हेतूची दुसरी संस्था’ असं लिहून घ्या. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच.

परदेशातल्या भावंडाचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशीच. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. गावच्या बहुतेक शाळांच्या संस्थांकडे ही नोंदणी नसते.


ठेव जूनमध्ये ठेवली तर वर्षाचं व्याज पुढच्या जूनला हातात येतं. पहिल्या वर्षीच्या दोन मुलींचे बारा हजार वेगळ्या चेकने द्या आणि सोबतच्या पत्रात ‘चालू वर्षाच्या खर्चासाठी’ असं लिहा.